स्वीडनमधे नवीन आलात, आधी काय धरायचं: कुंग्सलेदेन की ओरिएंटियरिंग?

पुण्याहून स्टॉकहोमला येऊन जेमतेम दोन महिने झालेल्या एकाने परवा विचारलं की इकडे ट्रेकिंगचं काय करायचं, सगळे कुंग्सलेदेन कुंग्सलेदेन करतायत आणि ऑफिसमधली एकजण म्हणते आमच्या ओरिएंटियरिंग (नकाशा बघत जंगलात निशाणं शोधायचा खेळ) क्लबात ये, वेळ आणि पैसे एकाच गोष्टीला आहेत तर कुठलं धरू. फोनवर अर्धा तास बोललो तरी संपेना म्हणून नीट लिहून काढतोय. सात वर्षांपूर्वी मला हाच प्रश्न पडला होता, मी आधी डोंगर केले आणि मग जंगलात शिरलो, आणि आज मनापासून वाटतं की पहिलं वर्ष जंगलाला द्यायला हवं होतं.

आधी कुंग्सलेदेन, म्हणजे उत्तर स्वीडनच्या डोंगरातली खुणा केलेली लांबलचक पायवाट, कारण ओढ त्याचीच असते. अबिस्को ते हेमावान, साधारण ४४० किमी, पण बहुतेक लोक उत्तरेकडचा अबिस्को ते निक्कालुओक्ता हा १०५ किमीच्या आसपासचा टप्पा करतात, पाच ते सात दिवस लागतात. स्टॉकहोमहून रात्रीच्या गाडीत बसलं की अबिस्कोला उतरून सरळ चालायला लागायचं. वाट स्पष्ट आहे, दलदलीवर लाकडी फळ्या टाकल्यात, मोठ्या नद्यांवर पूल आहेत, दिवसभराच्या चालीवर एसटीएफच्या स्टुगा म्हणजे झोपड्या आहेत (ही स्वीडनची पर्यटन संस्था १८८५ पासूनची) आणि तंबू लावायचा तर राष्ट्रीय उद्यानाबाहेर अल्लेमान्सरेत्तेन आहेच, म्हणजे निसर्गात सगळ्यांना फिरायचा, एखादी रात्र मुक्काम टाकायचा, ब्लूबेरी तोडायचा हक्क. चेक्च्याच्या खिंडीत, साधारण ११४० मीटरवर, मागे वळून पाहिलं की दरीच दरी आणि माणूस एक नाही, ते दृश्य सह्याद्रीत मिळत नाही. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर जे पोटात होतं ते वेगळं, इथे पोटात काही होत नाही, इथे एकदम शांत व्हायला होतं. शेवटच्या टप्प्यात केबनेकाइसे हा डोंगर लागतो, त्याचं दक्षिण टोक बर्फाचं असल्यामुळे वितळत वितळत २०१९ साली उत्तर टोकापेक्षा खाली गेलं, पिढ्यान् पिढ्या पुस्तकात असलेलं देशातलं सर्वोच्च टोकच बदललं, ते ऐकून मला खरंच वाईट वाटलं होतं.

पण हे सगळं वर्षातून एकदा. झोपड्या उन्हाळ्यात जूनच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उघड्या असतात, जुलैत डास भयंकर, सर्वात चांगले दिवस ऑगस्टअखेर ते सप्टेंबर सुरुवात, पानं लाल पिवळी होतात तेव्हा. म्हणजे एक आठवडा सुट्टी, रेल्वे, झोपडीचं भाडं, सामान, आणि मग उरलेल्या ५१ आठवड्यांचं काय? नोव्हेंबरात तीन वाजता अंधार पडतो तेव्हा घरात बसून मागच्या ट्रेकचे फोटो बघायचे, मी दोन हिवाळे तेच केलं. शिवाय मार्क केलेल्या वाटेवर चालून नकाशा वाचता येत नाही. दगडावर रंग दिसला की पुढे. सह्याद्रीत चुकलो तर कुठेतरी गुराखी मामा भेटतात, 'दादा ती वाट नाय, सोंडेवरनं जावा' म्हणून सांगतात, इथे तास न् तास विचारायला कोणी नसतं.

आता ओरिएंटियरिंग. खेळ इथलाच म्हणायला हरकत नाही, एर्न्स्ट किलांडरने १९१९ च्या मार्चमधे स्टॉकहोमजवळ नाक्कात घेतलेली मोठी स्पर्धा इथे खेळाची सुरुवात मानतात, त्याआधी १८९७ साली नॉर्वेत झालीच होती. हातात नकाशा आणि होकायंत्र, जंगलात लावलेली नारिंगी पांढरी निशाणं ठरलेल्या क्रमाने शोधायची, प्रत्येक ठिकाणी बोटातली चिप टेकवायची की बीप वाजतो, मधला रस्ता तुमचा तुम्ही ठरवायचा, मोबाइल चालत नाही. पळायलाच पाहिजे असं काही नाही, क्लबात कित्येकजण चालतच करतात.

नकाशाबद्दल थोडं जास्त सांगतो कारण ट्रेकरला खरी मजा तिथे आहे. आपला सर्व्हे ऑफ इंडियाचा टोपोशीट १:५०,००० चा, समोच्च रेषांमधे २० मीटरचं अंतर. इथला जंगलातला नकाशा १:१०,००० किंवा १:१५,००० चा आणि रेषा ५ मीटरच्या. म्हणजे ज्या उंचवट्याला आपण गडावर जाताना उंचवटासुद्धा म्हणत नाही तो इथे नकाशावर आहे, एकटा पडलेला पुरुषभर उंचीचा दगड आहे, ओढा आहे, दलदल निळ्या आडव्या रेघांनी आहे. आणि पांढरा रंग म्हणजे मोकळी जमीन नव्हे, तर सहज पळता येईल असं जंगल, गर्द झाडी हिरवी, मोकळं मैदान पिवळं, हे डोक्यात बसायला मला महिना लागला. उत्तरेच्या रेषा चुंबकीय उत्तरेच्याच छापलेल्या असतात त्यामुळे होकायंत्राचा फरक काढत बसायचं नाही. सोंड, घळ, खिंड, पठार हे शब्द ज्याला पायाने माहीत आहेत त्याला हा नकाशा लवकर कळतो, फक्त सगळं चार पट लहान झालंय असं समजायचं.

क्लबाच्या सरावाच्या माझ्या दुसऱ्याच मंगळवारी मी पिवळ्या कोर्सवर, म्हणजे नवशिक्यांच्याच, पार हरवलो. नकाशावर एक दगड होता, पूर्व बाजूला निशाण, आणि माझ्या आजूबाजूला तीस दगड, सगळ्यांवर शेवाळ, सगळे सारखे. वीस मिनिटं गोल फिरलो, घाबरलोच होतो. तेवढ्यात क्लबातल्या एक आजी आल्या, सत्तरीच्या पुढच्या, छोट्या पावलांनी पळत. मला वाटलं बोट दाखवतील, पण त्यांनी दगड दाखवला नाहीच, विचारलं, 'शेवटी कुठे होतास तेव्हा खात्री होती?' मी म्हटलं त्या पायवाटेच्या वळणावर. 'मग तिथे परत जा, नकाशा उत्तरेला धर, अंगठा तुझ्या जागेवर ठेव आणि अंगठा हलवत हलवत चाल.' परत गेलो, वळणापासून पावलं मोजत आलो तर दगड जेमतेम ऐंशी मीटरवर, एका छोट्या टेकाडाच्या पलीकडे, मी टेकाडाच्या चुकीच्या बाजूला शोधत होतो. ती बीप मी विसरणार नाही. पुढच्या वर्षी उत्तरेत धुक्यात वाट दिसेना झाली तेव्हा अंगठ्यानेच बाहेर काढलं.

आणि माणसं! हे मी हायकिंगच्या बाजूने कितीही ओढाताण केली तरी बरोबरीला येत नाही. इथले लोक शेजारी दहा वर्षं राहून नमस्काराच्या पुढे जात नाहीत अशी तक्रार आपण सगळेच करतो, पण दर मंगळवारी तेच वीसजण, ट्रेनिंगनंतर गाडीच्या डिकीवर थर्मास आणि कानेलबुल्ले (दालचिनीचे पाव) काढून फिका, म्हणजे कॉफी आणि गप्पा, प्रत्येकजण नकाशा पसरून 'तू सातव्याला डावीकडून गेलास का उजवीकडून' यावर वाद घालतो, त्या वादात मी स्वीडिश शिकलो, स्टेन, मिर, बेक, स्टीग (दगड, दलदल, ओढा, पायवाट) हे शब्द मला क्लासच्या आधी जंगलात आले. हिवाळ्यात डोक्याला दिवा लावून रात्रीचं ओरिएंटियरिंग, त्या तीन वाजताच्या अंधाराची मग वाट बघायला लागतो माणूस. पुढे हौस वाढली तर तिओमिला आहे, रात्रभर चालणारी दहाजणांची रिले, आणि जुलैत ओ-रिंगेन, १९६५ पासून जवळपास दरवर्षी नव्या जागी भरणारा पाच स्पर्धांचा आठवडा, पोरांपासून ८५ च्या पुढच्यांपर्यंत सगळे.

खर्चाचं थोडक्यात: क्लबाची वर्षाची फी डोंगरातल्या दोन तीन रात्रींच्या झोपडीभाड्यात निघते, होकायंत्र आणि चिप सुरुवातीला क्लब देतो, बूट मात्र जुनेच वापरा, वर्ष टिकलात तर खिळ्यांचे घ्या.

तोटे पण सांगतो. स्टॉकहोमच्या आसपास गोचीड आहे, वाटेवर चालणाऱ्यापेक्षा झुडपात घुसणाऱ्याला जास्त लागते, टीबीईची (गोचिडीमुळे होणारा मेंदूचा आजार) लस घ्या, पहिल्या दोन मात्रा उन्हाळ्याआधी व्हायला हव्यात, लांब पँट घाला आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत तपासा. वर उत्तरेच्या डोंगरात याचं तेवढं टेन्शन नाही. दुसरं, दृश्य बघायला वेळ नसतो, नजर नकाशात. एकांत पाहिजे असेल, ऑफिसच्या वैतागातून आठवडाभर सुटायचं असेल, तर ते क्लबात मिळणार नाही, त्याला डोंगरच. आणि एक नियम प्राण गेला तरी पाळायचा, कोर्स अर्धवट सोडला तरी फिनिशला येऊन चिप टेकवल्याशिवाय घरी जायचं नाही, नाहीतर लोक रात्रभर जंगलात तुम्हाला शोधत बसतात.

ज्यांची नोकरी ओस्लोत आहे त्यांचं उत्तर थोडं बदलेल. तिथे मेट्रोने फ्रोग्नरसेतेरनला उतरलं की नूरमार्का जंगल सुरू, उन्हाळी वाटांच्या खुणा निळ्या, डोंगर जवळ, डीएनटी (नॉर्वेची ट्रेकिंग संस्था, १८६८ ची) ने रंगवलेली लाल 'T' अक्षरं दगडांवर आणि सभासदांना एक किल्ली मिळते जी माणूस नसलेल्या झोपड्या उघडते. दर शनिवारी डोंगर गाठता येत असेल तर मी पण डोंगरच आधी म्हटलं असतं, पाऊस मात्र धरून चाला. कोपनहेगनला असाल तर प्रश्नच नाही, डेन्मार्कमधली सर्वात उंच जागा मोलेहोय, १७१ मीटरसुद्धा नाही, तंबूही परवानगीच्या जागीच, तिथे ओरिएंटियरिंगच करा.

क्लबात एकदम जायचा संकोच वाटत असेल तर हित्ताउत बघा, गावागावात असतं, नकाशा फुकट, खांब जंगलात आणि गावात हंगामभर उभे, खांबावरचं अक्षर टिपायचं, वेळेचं बंधन नाही. छोटी मुलं असतील तर स्पर्धांच्या ठिकाणी मिनिक्नात असतं, झाडांमधून दोरी बांधलेली, पोरं दोरी धरून एकटी जंगलात जाऊन येतात.

मागच्या जूनमधे आईबाबा आले होते, बाबा ६८ वर्षांचे, गुडघा जरा धरलेला. सोर्मलांड्सलेदेन या खुणा केलेल्या पायवाटेवर, स्टॉकहोमच्या ब्योर्खागेन मेट्रोपासून सुरू होणाऱ्या पहिल्या टप्प्यावर नेलं, झाडावरच्या नारिंगी पट्ट्या बघत तासाभरात ते कंटाळले. दुसऱ्या दिवशी हित्ताउतचा नकाशा हातात दिला. बाबांनी चष्मा पुसला, नकाशा दोनदा फिरवला, 'हा ओढा म्हणजे मगाचचा पूल ना?' म्हणाले आणि आमच्या पुढे चालायला लागले. अकरा खांब झाले त्या दिवशी, घरी यायला साडेनऊ वाजले, बाहेर अजून ऊन होतं आणि आई जेवायला वाढेपर्यंत ते उद्याचे खांब पेन्सिलने जोडत बसले होते.