गलाईच्या उरलेल्या द्रावणातील सोने मोजून देणारी सेवा : परीक्षण

आम्लराजात (नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवलेल्या सोन्याचा साका, म्हणजे घन कण, पाडून घेतल्यावर जे हिरवट द्रावण उरते, त्यात सोने राहिले आहे का हे गलाईवाले स्टॅनस क्लोराइडच्या थेंबाने पाहतात. सोने असल्यास जांभळट रंग येतो. परंतु द्रावणात नायट्रिक आम्ल शिल्लक असेल तर ते स्टॅनस क्लोराइडलाच निकामी करते आणि सोने असूनही रंग उठत नाही. म्हणून आम्ही मुंबईतील एका खासगी प्रयोगशाळेकडून अणुशोषण पद्धतीची (सोन्याच्या अणूंनी किती प्रकाश शोषला यावरून सोने मोजणारी) चाचणी करून घेऊ लागलो.

तेथील स्वस्त चाचणीत नमुना पातळ करून थेट ज्योतीत फवारतात व २४२.८ नॅनोमीटरला शोषण मोजतात. फेरस सल्फेट या लोहाच्या क्षाराने साका पाडला असेल तर ही चाचणी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा द्रावणात लोह आणि तांबे सोन्याच्या कित्येक पट असतात. त्यांचे क्षारकण ज्योतीत प्रकाश विखुरतात, यंत्र त्यालाच शोषण समजते, आणि ड्यूटेरियम दिव्याची दुरुस्ती (हा खोटा भाग वेगळा मोजून वजा करणे) लावली नसेल तर नसलेले सोने अहवालात उमटते. ज्ञात प्रमाणात सोने मिसळून केलेली फेरमोजणी प्रयोगशाळा पुरावा म्हणून दाखवते, पण तिने संवेदनशीलतेतील घट कळते, हा वरून चढलेला खोटा आकडा नव्हे.

महाग चाचणीचे पैसे मात्र वसूल होतात. तीत सोने मिथाइल आयसोब्युटाइल कीटोन या पाण्यापासून वेगळा थर धरणाऱ्या द्रावकात ओढून घेतात. तांबे बहुतांशी पाण्याच्या थरात राहते, लोह सोन्यासोबत येते, पण सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने तो थर धुतला की लोह निघून जाते आणि सोने टिकते. या धुण्याची व कोऱ्या (सोने नसलेल्या) नमुन्याच्या वाचनाची नोंद अहवालात असते, हे मला विशेष आवडले.

उणीव नमुना घेण्याच्या पद्धतीत आहे. साका पाडायला मेटाबायसल्फाइट वापरले असल्यास त्यातून सुटून उरलेला सल्फर डायऑक्साइड बाटलीतही सोने पाडत राहतो, ते तळाशी बसते, आणि वरचे नितळ पाणी तपासल्यास आकडा कमी येतो. बाटलीतला सगळा नमुना आम्लराजात पुन्हा विरघळवून द्या असे सांगितले तर तसे करतात, पण स्वतःहून विचारत नाहीत. अर्जात त्यासाठी रकाना हवाच. मुलाम्याचे सायनाइडयुक्त द्रावण मात्र या मार्गाने कधीही पाठवू नये, कारण त्यात आम्ल पडताच विषारी हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो.