सड्यावरची सायकल : हवेचा शॉकअप आणि स्प्रिंगचा शॉकअप, अठरा महिन्यांचा अनुभव

माउंटन बाइकच्या पुढच्या चाकाला हवेचा शॉकअप घ्यावा की स्प्रिंगचा, हे ठरवण्यासाठी मी एकाच सायकलवर दोन्ही वापरले : अकरा महिने १२० मिलिमीटर ट्रॅव्हलचा (म्हणजे जास्तीत जास्त तेवढा दबणारा) हवेचा फोर्क, म्हणजे पुढचा शॉकअप, आणि त्यानंतर सात महिने तेवढ्याच ट्रॅव्हलचा स्प्रिंगचा. वाटा त्याच होत्या. पावसजवळचे सडे (जांभ्याची उघडी पठारे), चिरेखाणींचे रस्ते, वाडीत उतरणाऱ्या जांभ्याच्या पाखाड्या (पायऱ्यांच्या वाटा) आणि कशेळी-बारसूकडे कातळशिल्पे पाहायला जाणाऱ्या कच्च्या वाटा. (शिल्पांच्या कातळावर सायकल नेऊ नये; ती दूर उभी करून चालत जावे.)

हवेच्या फोर्कचा खरा गुण म्हणजे वजनाप्रमाणे बदलता येणारा दाब. सायकलवर बसल्यावर फोर्क साधारण ३० मिलिमीटर, म्हणजे ट्रॅव्हलच्या चौथ्या हिश्शाइतका दबावा, असा दाब मी ठेवत असे आणि दोन दिवसांचे सामान पाठीवर असले की पंपाने थोडा वाढवत असे. पंप पुन्हा जोडल्यावर काटा कमी दाब दाखवतो म्हणून फोर्क गळतो, असा समज मी बराच काळ बाळगला होता. प्रत्यक्षात थोडी हवा पंपाच्या नळीत शिरल्यामुळे तसे दिसते.

थंडीत हवेचा दाब उतरतो, हा बर्फाळ प्रदेशातला आक्षेप आपल्याकडे जवळजवळ लागू होत नाही. उणे २० अंशांवर बंदिस्त हवेचा दाब ३० अंशांच्या तुलनेत सुमारे सहाव्या हिश्शाने कमी भरतो. कोकणात मात्र पहाटे आणि दुपारी दहा-बारा अंशांचा फरक पडला, तरी दाबातला बदल तीन-चार टक्क्यांच्या आसपासच राहतो.

आपल्याकडचा खरा शत्रू चिखल आहे. जांभ्याच्या लाल चिखलातले बारीक कण सीलवर, म्हणजे नळ्यांमधल्या रबरी कड्यांवर, घासत राहतात, आणि हवेच्या फोर्कमध्ये आतले सील झिजले की आधारच जातो. गणपतीच्या आदल्या आठवड्यात आडिवऱ्याला मुक्काम केला असता सकाळी फोर्क पूर्ण बसलेला दिसला; पंप मारला तरी अर्ध्या तासात तो पुन्हा खाली आला. दुकानदाराने तो मुंबईला पाठवला आणि परत यायला पाच आठवडे लागले. एवढ्याशा सीलसाठी पावसाळ्यानंतरचे सर्वांत चांगले दिवस सायकलविना काढावे लागले, याचे मला अजूनही वाईट वाटते.

त्यानंतर स्प्रिंगचा फोर्क बसवला आणि सायकलचे वजन सुमारे अर्ध्या किलोने वाढले. चढावर ते जाणवते, पण पूर्णगडाकडच्या खडबडीत कातळावर हाताला जो आराम मिळाला, त्यापुढे मला ते मोठे वाटत नाही. हवा अडवणारे घट्ट सील स्प्रिंगला लागत नाहीत. त्यामुळे आतले घर्षण कमी राहते आणि बारीक खड्ड्यांवरही फोर्क लगेच हलतो. पूर्वी तासाभराने तळहात बधिर होत. आता होत नाहीत.

पाखाडीवर मात्र हवेचा फोर्क सरस ठरला, हे मान्य केले पाहिजे. दाबत जावे तशी हवा शेवटी वेगाने कडक होते, तर स्प्रिंग जवळजवळ एकसारखीच दबत जाते, त्यामुळे उंच पायरीवरून उतरताना माझा स्प्रिंगचा फोर्क दोनदा तळाला आपटला. वरची प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी, चकती फिरवून हे सुटत नाही. तिने बसल्यावर फोर्क किती दबतो ते बदलते, स्प्रिंगचा कडकपणा नाही. शेवटी मी थोडी अधिक कडक स्प्रिंग मागवून घातली.

खाऱ्या हवेत स्प्रिंग गंजेल, ही भीती फोर्कच्या बाबतीत फारशी खरी नाही, कारण ती नळीच्या आत ग्रीसमध्ये असते. पावसाळ्यानंतर उघडून पाहिले तेव्हा स्प्रिंग स्वच्छ होती. गंज बाहेरच्या बोल्टांना लागला होता आणि धुळीच्या सीलखाली लाल गाळ साचला होता. साफसफाई आणि खालच्या नळ्यांमधले ऑइल बदलणे दोन्ही प्रकारांना लागतेच. मी ते सुमारे ५० तासांच्या वापरानंतर करतो. स्वस्त सायकलींवरच्या फोर्कवरून मात्र स्प्रिंगची पारख करू नये. त्यांत उसळी आवरणारे डॅम्पिंग बहुधा नावापुरतेच असते.

रत्नागिरीच्या दक्षिणेला, दुरुस्तीचे दुकान दूर असताना, बारा महिने सड्यावर जाणाऱ्याने स्प्रिंगचाच फोर्क घ्यावा, असे माझे मत झाले आहे. दुरुस्त होऊन आलेला हवेचा फोर्क मी धाकट्या भावाच्या सायकलला लावून दिला. भावाचे वजन ८८ किलो आहे, सायकल त्याची मुलगीही चालवते, आणि पावसाळ्यात ती सायकल घराबाहेर निघत नाही.