सदस्याला काढायचं कसं, हे सांगणारा तयार मसुदा: कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट २.१

आमच्या ओपन सोर्स प्रकल्पात (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो) आम्ही आचारसंहितेचा हा मसुदा जसाच्या तसा चिकटवला होता. इतका जसाच्या तसा, की ‘संपर्काची पद्धत इथे लिहा’ ही रिकामी चौकटही तशीच राहिली! पहिली तक्रार आली तेव्हा लाज वाटली. दोष आमचाच.

मसुद्याची खरी किंमत आहे ती शेवटच्या भागात, चार पायऱ्यांच्या शिडीत: खाजगी लेखी समज, इशारा, तात्पुरती बंदी, कायमची बंदी. ही शिडी २.० आवृत्तीत आली, फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या धर्तीवर. आमचा एक सदस्य कोड उत्तम लिहायचा, पण नवख्यांचा कोड तपासताना, म्हणजे रिव्ह्यूमध्ये, त्यांना अक्षरशः सोलून काढायचा. शिडी नसती तर आम्ही एकतर वर्षभर गप्प बसलो असतो, नाहीतर रागाच्या भरात एका रात्रीत त्याला हाकललं असतं. इशाऱ्याच्या काळात ज्यांना दुखावलं त्यांच्याशी संपर्कच करायचा नाही, ही अट फार कामाची. त्यानं ती तिसऱ्याच दिवशी मोडली, त्यामुळे पुढचा निर्णय सोपा झाला.

दोन मोठ्या उणिवा. बंदीविरुद्ध दाद कुणाकडे मागायची, यावर अवाक्षर नाही. आणि तक्रार मेंटेनरविरुद्धच, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याविरुद्धच असली तर? आम्ही त्यासाठी प्रकल्पाबाहेरचे दोघे नेमले. त्या सदस्याचे कमिटचे, म्हणजे प्रकल्पात थेट कोड बदलण्याचे हक्क बंदीच्याच दिवशी काढले, जुन्या कमिटवरचं त्याचं नाव मात्र तसंच ठेवलं.

पाचपैकी साडेतीन. चौकट भरून वापरा.