आईच्या हाती पैसे की बाळासाठी तयार आहार?

कुपोषण रोखायला आईला पैसे द्यायचे की बाळासाठी तयार आहाराची पाकिटं? निधी थोडा आहे, दोन्ही जमणार नाही. काय निवडू, असं एका कार्यकर्तीने विचारलं.

खर्चात पैसे देणं सहसा स्वस्त. पाकिटांना कारखाना, वाहतूक, गोदाम लागतं. कष्टात मात्र पाकीट सरस: फोडलं की भरवलं, ना चूल ना पाणी.

परिणाम टिकण्यात मला पैसेच उजवे वाटतात, पण खातं आईच्याच नावावर हवं. घरात काय शिजणार हे तिला ठरवता आलं, तर धाकट्यालाही फायदा. सोबत सहा महिन्यांनंतर वरचं अन्न काय, किती वेळा, हे सांगणारं कुणी हवंच.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर 115 मिलिमीटरपेक्षा कमी भरला, तर वाट पाहू नका. तीव्र कुपोषणावरच्या उपचाराचा तयार आहारच द्या. बाजार चालू असेल आणि मूल तितकं खंगलेलं नसेल, तर पैसे आईला द्या.