खिशात चुंबक घेऊन गेलो होतो

माझी मोटारसायकल पडली तेव्हा तिचा वेग चालत्या माणसाइतकाही नव्हता. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे दुकानदाराच्या तोंडी ‘ॲक्सिडेंट’ हा शब्द बऱ्याचदा येणार आहे.

डिसेंबरातली गोष्ट. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत हरिहरेश्वरला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बागमांडल्याच्या जेटीवर आलो. तिथून फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडायची, पलीकडे वेसवीला उतरायचं आणि केळशीमार्गे आंजर्ल्याला जायचं, असा बेत. ओहोटी होती, त्यामुळे जेटीचा उतार नेहमीपेक्षा तीव्र होता आणि खालच्या टोकाला हिरवं शेवाळ उघडं पडलं होतं. बायको शहाणी, ती आधीच उतरून चालत बोटीत गेली. मी गाडी हळूहळू खाली घेत होतो. पुढच्या गाडीने ब्रेक लावला, मीही पुढचा ब्रेक दाबला, तेव्हा हँडल जरासं उजवीकडे वळलेलं होतं. उजवा पाय टेकवला तो शेवाळावर. संपलं. हिमालयन 411 चं वजन 199 किलो, वर सामान. असं वजन एकदा कलंडायला लागलं की माणसाने फक्त बाजूला व्हायचं असतं. मी झालो.

मला खरचटलंसुद्धा नाही. खलाशी धावत आले, एक जण म्हणाला, “गिअरमध्ये टाका आधी, मग उचला, नायतर सरकेल.” तिघांनी मिळून उभी केली. पुढचा लेग गार्ड घासला होता, आरसा फिरला होता. एवढ्यावर निभावलं असं वाटत असतानाच जळक्या नायलॉनचा वास आला. उजवी सॅडल बॅग सायलेन्सरला चिकटली होती. जे सॅडल स्टे, म्हणजे मागच्या बाजूंना बॅगांसाठी बसवलेली पाइपची चौकट, बॅगेला वाचवण्यासाठी लावून घेतलं होतं, त्याचा खालचा दांडा आत मुडपला होता आणि त्यानेच बॅग तापलेल्या सायलेन्सरवर दाबून धरली होती. दुमडलेल्या कोपऱ्याची कड बॅगेत घुसून ती वीतभर फाटली होती. मागच्या फूटरेस्टजवळचा बोल्ट वाकला होता आणि त्याने गाडीचे मूळ आटे खाल्ले होते. स्टे बसवलंच नसतं तर बॅग फाटली असती, पण गाडीच्या चॅसीचे आटे तरी शाबूत राहिले असते.

आता मागे जातो.

हे सॅडल स्टे मी शहराच्या कडेला असलेल्या एका दुकानातून घेतलं होतं. दुकानाचं नाव लिहीत नाही. असली दुकानं एक नाही, आणि बोलण्याची पद्धत सगळीकडे साधारण सारखीच असते. मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ आला होता: एक माणूस गाडीला धक्का देतो, गाडी बाजूला पडते, उचलतात, तर मागच्या डब्याला ओरखडाही नाही. खाली लिहिलेलं, ‘फॉल टेस्टेड’. मी तो व्हिडिओ दहा वेळा तरी पाहिला असेन.

दुकानदार तिशीतला, बोलायला गोड. “सर, हे एसएस आहे. तीनशे चार. बावीस मिलीचा पाइप, दोन मिलीची जाडी. लाइफटाइम वॉरंटी. गंज आला तर आणून टाका.” एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील आणि तीनशे चार ही त्याची प्रत. मी मनात हसलो. असं सगळेच सांगतात हे मला माहीत होतं आणि मी तयारीने गेलो होतो. फ्रिजवरचं गणपतीचं चुंबक काढून खिशात टाकून नेलं होतं. लोखंडाला क्रोम चढवून स्टील म्हणून खपवतात, तर चुंबक लावून बघायचं, एवढं ज्ञान मला होतं.

चुंबक बाहेर काढलं. दुकानदार दचकला नाही. उलट खूश झाला. “लावा ना सर, बिनधास्त लावा. तुमच्यासारखं जाणकार गिऱ्हाईक आलं की आम्हालाही बरं वाटतं.” चुंबक चिकटलं नाही. घरंगळून खाली पडलं, त्यानेच उचलून परत दिलं. त्या क्षणी माझी चौकशी संपली. इतका संपूर्ण विश्वास मी बँकेतल्या माणसावरही कधी टाकलेला नाही.

मला माहीत नव्हतं ते असं. स्टेनलेसच्या 200 मालिकेतल्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. निकेल महाग. 200 मालिकेतल्याच 202 मध्ये निकेल 4 ते 6 टक्क्यांवर आणतात आणि त्याची उणीव मँगनीज घालून भरून काढतात. दिसायला तेच, चकाकायला तेच, चुंबकाला तीच उदासीनता. म्हणजे माझी चाचणी लोखंड पकडणारी होती आणि तो मला लोखंड विकतच नव्हता. त्याला हे ठाऊक होतं, म्हणून तो खूश झाला.

बाकीची फसवणूक मात्र डोळ्यांसमोर झाली. बसवताना त्यांनी डावीकडचं कंपनीचं साडी गार्ड काढलं. मी विचारलं तर म्हणाला, “त्याचं काय काम सर आता? स्टे आहे ना.” मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण असलं पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत, 123 क्रमांकाच्या नियमात, लिहिलेलं आहे, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. तीन दांड्यांच्या चौकटीने चाक झाकलं जात नाही. बायकोची ओढणी होती, मी होतो, गार्ड त्यांच्या कोपऱ्यातल्या ढिगात गेलं आणि मी काही बोललो नाही.

दोन्ही बाजूंच्या स्टेंना नंबर प्लेटच्या मागून जोडणारी आडवी पट्टीही नव्हती. व्हिडिओतल्या गाडीला होती. “ती ऑप्शनल आहे, लुक खराब होतो.” खरं तर सगळा जीव त्या पट्टीत असतो. एक बाजू जमिनीवर आपटली की पट्टी तो जोर दुसऱ्या बाजूकडे नेते. ती नसेल तर चौकट एकटी पडते आणि चाकाकडे मिटते. त्यात उजवीकडे सायलेन्सर, म्हणून स्टे बाहेर काढायला त्यांनी बोटभर लांबीचे बुश (मध्ये अंतर ठेवणाऱ्या नळ्या) घालून लांब बोल्ट लावले. जितका बुश लांब तितका बोल्टवरचा ताण जास्त, हे पान्हा वापरणाऱ्या कुणालाही कळतं. मलाही कळतं. त्या दिवशी कळलं नाही. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर 8.8 असा मजबुतीचा आकडा ठोकलेला असतो. या बोल्टांची डोकी कोरी होती, हे घरी आल्यावर फोटो मोठा करून पाहिलं.

एकूण 6,800 रुपये. 2,000 मोबाइलवरून दिले, बाकीचे रोख, कारण “पक्कं बिल केलं तर जीएसटी लागेल सर, तुमचाच तोटा.” हातात आली एक चिठ्ठी: ‘सॅडल स्टे, 1 सेट’. ग्रेड नाही, जाडी नाही, वॉरंटी नाही. या फसवणुकीत माझा वाटा किती, असं कुणी विचारलं तर मी ही चिठ्ठी दाखवतो.

आंजर्ल्याहून परत आल्यावर फोन केला. पहिल्या दिवशी तो म्हणाला फोटो पाठवा. दुसऱ्या दिवशी म्हणाला, “सर, हा ॲक्सिडेंट आहे.” मी म्हटलं, गाडी जागच्या जागी पडली. “तेच ना. वॉरंटी वेल्डिंगची आहे. वेल्डिंग कुठे सुटलंय? पाइप वाकलाय.” मी म्हटलं, अरे, गाडी पडली तर बॅग वाचावी म्हणून तर घेतलं ना हे? यावर तो जे बोलला ते मी घरात, ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं आहे: “सर, गार्ड आहे म्हणून गाडी पाडायची नसते.” तिसऱ्या दिवसापासून फोन लागेनासा झाला.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, बिल आहे का? वर्णन काय लिहिलंय? चिठ्ठीवरचे तीन शब्द वाचून दाखवताना मलाच लाज वाटली. तक्रार नोंदवली आहे. वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते, हे त्या निमित्ताने वाचलं. पण 304 सांगून 202 दिलं हे सिद्ध करायला 304 सांगितलं होतं याचा पुरावा हवा, आणि तो सगळा हवेत बोललेला. ‘304 आहे ना?’ एवढा एक मेसेज मी पैसे देण्याआधी टाकला असता तर त्याचं ‘हो सर’ आज माझ्याकडे असतं.

202 असल्याचं मला कळलं ते भंगारवाल्या काकांकडून. वाकलेला सेट घेऊन गेलो, म्हटलं तीनशे चार आहे, भाव नीट द्या. त्यांनी हातात घेऊन नुसतं तोललं आणि माझ्याकडे पाहिलं. मग एक छोटी बाटली आणि 9 व्होल्टची बॅटरी काढली. कानशीने घासून जागा साफ केली, थेंब टाकला, बॅटरीची वायर टेकवली. थेंब लाल झाला. “दोनशे दोन,” काका म्हणाले. मँगनीज जास्त असलं की हा थेंब लाल होतो. त्यांचं पोट त्या थेंबावर चालतं. दोनशे दोन तीनशे चारच्या भावाने घेतलं तर दिवसभराची कमाई गेली.

मग तराजू. दोन्ही बाजूंचं मिळून 2 किलो 600 ग्रॅम. घरी सुतळीने मोजलं होतं, पाइप सगळा मिळून 4 मीटर भरला होता. बावीस मिली व्यासाचा, दोन मिली जाडीचा स्टीलचा पाइप मीटरला जवळजवळ किलोभर भरतो. एक मिली जाडीचा, अर्धा किलो. म्हणजे पाइप दोन मिलीचा असता तर पट्ट्या-बोल्ट धरून साडेचार किलोच्या आसपास वजन हवं होतं. काकांनी ग्राइंडरने एक तुकडा कापून दिला, कड नखाएवढी. गिऱ्हाइकाला पाइपची जाडी दिसतच नाही, कारण दोन्ही टोकं वेल्डिंगने किंवा प्लास्टिकच्या बुचाने बंद असतात. पण वजन काट्यापासून लपत नाही. दुकानात नेण्यासारखं साधन चुंबक नव्हतंच, सामान तोलायचा हातातला काटा होता. तो तीनशे रुपयांचा काटा आमच्या माळ्यावर पडलेला आहे.

नुसत्या वाकण्याचा हिशोब केला तर दोन मिलीचा पाइप एक मिलीपेक्षा पावणेदोन पट ताकदीचा. पण पातळ पाइपचं खरं दुखणं वेगळं असतं. जिथे तो वळवलेला असतो तिथे आधीच चेपलेला असतो आणि धक्का बसला की तिथेच मुडपतो. माझा तिथेच मुडपला. गंजाबद्दल मात्र दुकानदाराला दोष देताना हात आखडता घेतो: दोन दिवसांत स्टेवर तांबूस ठिपके आले होते, पण समुद्राच्या खाऱ्या हवेत 304 वरही असे डाग येतात.

नवीन काम भोसरीच्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतलं. त्याने स्टेनलेसचं नावच काढलं नाही. “लोखंडी करू साहेब. पावडर कोटिंग करा. गंज येईल, पण वाकलं तर कुठल्याही गावात गरम करून सरळ होईल.” त्याने मला रिकामी गाडी परत न्यायला लावली: “बॅगा भरून आणा, मग माप घेतो.” हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. कापडी बॅग रिकामी असताना चपटी असते, भरली की दोन-तीन इंच फुगते. जुन्या स्टेचं माप रिकाम्या बॅगेवर घेतलेलं, त्यामुळे भरलेली बॅग गार्डच्या बाहेर आली होती. गाडी पडल्यावर जमिनीला आधी तीच लागणार होती. त्याने पुढच्या लेग गार्डच्या कडेपासून मागच्या गार्डच्या कडेपर्यंत एक सरळ पट्टी धरली. “बॅग या रेषेच्या आत पाहिजे. गाडी पुढच्या गार्डवर, फूटरेस्टवर आणि मागच्या गार्डवर पडली पाहिजे. बॅगेवर नाही.” घरी केरसुणीच्या दांड्याने पाच मिनिटांत होणारी तपासणी.

आडवी पट्टी लावली, बुश आखूड केले, 8.8 चे बोल्ट माझ्यासमोर उघडून दाखवले, आटे नवीन पाडून दिले. मागच्या गार्डच्या सगळ्यात बाहेरच्या टोकाला मी स्वतः प्लास्टिकच्या जाड चॉपिंग बोर्डचा तुकडा बोल्टने बसवला आहे. घासायचं तर त्याने घासावं, झिजला की दुसरा. सामान भरण्याची रीतही बदलली. स्टोव्ह आणि हत्यारं चाकाच्या बाजूला, कपडे बाहेरच्या बाजूला. साडी गार्ड नवीन विकत आणावं लागलं, तो खर्च बायकोने वेगळ्या डायरीत लिहून ठेवला आहे.

परवा एका मित्राने तोच व्हिडिओ पाठवला. “हे घेऊ का रे? फॉल टेस्टेड आहे.” मी यावेळी आवाज चालू करून पाहिला. गाडी रबरी चटईवर पडते, आणि पडताना डबा टणकन वाजतो. आत काही म्हणजे काही नाही. मित्राला म्हटलं, आवाज मोठा कर आणि पुन्हा बघ.