वर्षाचे पैसे घेतले आणि नेट तीन महिन्यांचं दिलं

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या नव्या सोसायटीत आम्ही राहायला आलो तेव्हा सामान अजून खोक्यांतच होतं. मुलाचं बारावीचं वर्ष, त्याची लेक्चर्स ऑनलाइन. ह्यांना आठवड्यातून तीन दिवस घरून काम. सासूबाईंना संध्याकाळी यूट्यूबवर कीर्तन लागतं. नेट लगेच हवं होतं आणि गेटपाशी छत्री लावून, एका कंपनीचा टी-शर्ट घातलेला मुलगा बसलेलाच होता.

बोलायला गोड होता. "ताई, चार माणसं म्हणजे २०० एमबीपीएस स्पीडचंच घ्या, कमी घेतलंत तर रडत बसाल. वर्षाचं एकदम भरा, वर दोन महिने फ्री." जीएसटी धरून ९,४४० आणि राऊटरचं डिपॉझिट १,५००, असे एकूण १०,९४० रुपये. जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो हे बहुतेक जण लपवतात. ह्याने स्वतःहून सांगितलं, म्हणून तो मला सरळ वाटला. कंपनीच्या लिंकवर पैसे भरते म्हटलं, तर म्हणाला सर्व्हर डाउन आहे, माझ्या नंबरवर टाका, मी लगेच एंट्री मारतो. मी टाकले. त्याने पावती दिली ती स्टेशनरीच्या दुकानात मिळते तसल्या पावतीपुस्तकातली, वर रबरी शिक्का. ना जीएसटी नंबर, ना ग्राहक क्रमांक.

दुसऱ्या दिवशी जोडणी झाली. त्याने आपल्या मोबाईलवर स्पीड टेस्ट करून दाखवली, १८७ आली. ह्यांना पाठवायला मी त्या स्क्रीनचा फोटो काढला. तीन महिन्यांनी मुलाने तोच फोटो मोठा करून बघितला, तर वरच्या पट्टीत वायफायची खूण नव्हती, ५जी लिहिलेलं होतं. म्हणजे तो आकडा त्याच्या सिमकार्डाचा होता. आमच्या वायरशी त्याचा काही संबंध नव्हता.

तीन महिने सगळं सुरळीत चाललं. चौथ्या महिन्यात एका सोमवारी सकाळी ह्यांची मीटिंग मध्येच बंद पडली. त्याला फोन केला तर म्हणाला, "रस्त्याचं काम चालू आहे, फायबर कट झालीय, संध्याकाळपर्यंत होईल." असं सहा दिवस चाललं. सातव्या दिवसापासून फोन लागेना.

फायबर तुटली की राऊटरवर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल होतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आमचा तो दिवा एकदाही लाल झाला नाही. लाइन चालू होती, रिचार्ज संपला होता.

कस्टमर केअरला फोन लावला. तिकडून विचारलं, रजिस्टर्ड नंबर कोणता? माझा दिला, नाही. ह्यांचा दिला, तोही नाही. शेवटी राऊटरच्या खोक्यावर पेनाने लिहिलेला यूजर आयडी सापडला आणि त्यावरून खातं निघालं. खातं ह्यांच्या नावावर, आधारही ह्यांचंच, पण मोबाईल नंबर त्या पोराचा. प्लॅन ४० एमबीपीएसचा, महिना ३९९ अधिक जीएसटी, फक्त तीन महिने भरलेला. म्हणजे कंपनीकडे गेले जेमतेम १,४१२ रुपये. आणि डिपॉझिट? कंपनी या राऊटरचं डिपॉझिट घेतच नव्हती.

रिचार्ज संपत आल्याचे सगळे मेसेज त्याच्या मोबाईलवर जात होते. आम्हाला कळणार कसं? मला सगळ्यात लागलं ते हे.

पुढे कंपनीचा टेक्निशियन आला, त्याने राऊटर उलटा करून दाखवला. "ताई, याचे वायर लावायचे पोर्टच १०० एमबीपीएसचे आहेत आणि हा फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचा आहे. याच्यावर २०० कधी येणारच नाहीत." मग तीन महिने आम्हाला शंका का आली नाही? कारण ४० आम्हाला पुरत होते. यूट्यूबच्या एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात, व्हिडिओ कॉलला त्याहून कमी. लेक्चर, मीटिंग आणि कीर्तन एकाच वेळी चालू असलं तरी २० च्या आत भागतं. आपल्या घराला किती लागतं हा हिशेब मी आधी केला असता, तर २०० च्या नादाला लागलेच नसते आणि वर्षाचे पैसे एकदम भरायची वेळही आली नसती. मोठ्या घरात मागच्या खोलीत नेट पोचत नसेल तर बहुतेकदा अडचण भिंतींची आणि राऊटरच्या जागेची असते. प्लॅन वाढवून ती सुटत नाही. आमचा राऊटर दारामागच्या कोपऱ्यातून हॉलच्या मधोमध आणला आणि मुलाच्या खोलीतली तक्रार मिटली.

तक्रारीचा रस्ता सांगते, कारण माझे दोन आठवडे चुकीच्या दारांवर गेले. मी आधी ट्रायला, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाला लिहिलं. ट्राय एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही, तक्रार कंपनीकडेच पाठवतं. पहिल्यांदा कंपनीकडे तक्रार नोंदवायची आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून घ्यायचा. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं, त्याला फी नाही. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करता येते. आम्ही दोन्ही केलं. तो पोरगा आमचा कर्मचारी नाही, फ्रँचायझीचा माणूस आहे, असं कंपनीने आधी हात झटकून सांगितलं. अपिलात टी-शर्टातला त्याचा फोटो, यूपीआयची नोंद आणि ती पावती जोडली, तेव्हा फ्रँचायझीने डिपॉझिटचे १,५०० परत केले. बाकीचे आठ हजार गेले ते गेलेच. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतो आहोत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. पोलीस ठाण्यातही अर्ज दिला आहे.

आधारचा फोटो त्याच्या मोबाईलमध्ये राहिला होता, ती धास्ती वेगळीच. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर ह्यांच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते पाहिलं, नशिबाने आमचीच दोन निघाली. आता कुणालाही झेरॉक्स देताना मी तिच्यावर आडवं लिहिते: कशासाठी, कुणाला, कोणत्या तारखेला.

सोसायटीत त्याच्याकडून अकरा घरांनी कनेक्शन घेतलंय. आतापर्यंत सात घरांनी तपासलं, पाच ठिकाणी खात्याला त्याचाच नंबर निघाला. नेट चालू आहे म्हणून गप्प बसू नका. आपल्या मोबाईलवरून कस्टमर केअरला फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा: या नंबरवर खातं आहे का, प्लॅन कोणता, मुदत कधीपर्यंत. अनलिमिटेड सांगितलं असेल तर किती जीबीनंतर वेग उतरतो, तेही विचारून घ्या.

बी विंगमधल्या एका आजी एकट्याच राहतात. त्यांची मुदत पुढच्या गुरुवारी संपणार होती आणि त्यांना वाटत होतं अजून अकरा महिने आहेत. शनिवारी मी आणि मुलगा त्यांच्याकडे दोन तास बसलो. खात्यावरचा नंबर बदलून ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर आला, तेव्हा कुठे तिथून उठलो.