जपानी फसफसती साके अन आपला संत्रा : घरी करून पाह्यलेल्या कॉकटेलचा रिव्ह्यू

माझा मामेभाऊ जपानात कामाला आहे, यंदा होळीच्या आधी घरी आला तं येताना स्पार्कलिंग साकेच्या ४ बाटल्या घेऊन आला, निळ्या निळ्या, ३०० मिलीच्या, स्वेटरमध्ये गुंडाळून. बाहेरून येताना माणशी २ लिटरपर्यंत आणता येते त्यामुळे एअरपोर्टवर काही अडचण नव्हती, पण नागपूरवरून वरुडला यायचं म्हणजे अमरावती रोडनं कारंजा-तळेगाव-आष्टी केलं तं मधात वर्धा जिल्हा लागते अन तिथं दारूबंदी, म्हणून बिचारा काटोल-जलालखेड्यावरून फिरून आला. बाटली मिओ नावाची आहे, ताकारा कंपनीची, २०११ ला बाजारात आली. त्यातल्या ३ बाटल्या आम्ही पंधरा दिवसांत वेगवेगळ्या तऱ्हेनं पिऊन पाह्यल्या, त्याचंच हे लिहून राहिलो.

आधी साके म्हणजे काय ते सांगतो, कारण आमच्या इकडं पांढरी पारदर्शक दारू दिसली की लोकांना मोहाचीच आठवण येते. साके भट्टीवर गाळत नाहीत, बियरसारखी आंबवतात. तांदूळ वाफवायचा, त्याच्या काही भागावर कोजी नावाची बुरशी वाढवायची, ती बुरशी तांदळातल्या पिठाची साखर करते अन त्याच टाकीत यीस्ट त्या साखरेची दारू करते, दोन्ही कामं एकाच वेळी सुरू. या कोजीच्या पारंपरिक पद्धतीला डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोनं सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. साधी साके १५-१६ टक्क्यांची असते, ही फसफसती मात्र फक्त ५ टक्के, म्हणजे बियरच्या बरोबरीची. फसफस आणायच्या दोन पद्धती आहेत, एकात गॅस वरून भरतात अन दुसऱ्यात शॅम्पेनसारखं बाटलीतच पुन्हा आंबवतात, ती जरा महाग पडते. आमची गॅस भरलेली होती, त्यानं माझं काही अडलं नाही.

पहिली बाटली नुसतीच प्यायलो, काहीच मिसळलं नाही. मला वाटते कोणतीही नवीन चीज आधी नुसती चाखून पाहावी, नाहीतर तिच्यात काय टाकायचं हे कळणार कसं. चव गोड, मागून हलकी आंबट, नाशपातीसारखा वास, अन घोट गिळल्यावर तांदळाच्या पेजेची एक मऊ चव जिभेवर राहते, ही मला सगळ्यात जास्त आवडली. बायकोनं गिलास नाकाजवळ नेला अन म्हणाली, “अहो, याचा वास तं भाताच्या पेजेसारखा येते,” अन मी तोवर हेच शब्द शोधून राहिलो होतो. ही पेजेची चव इतकी हळवी आहे की तिच्यात काहीही जास्त झालं की ती बुडते, अन पुढं जे काही बिघडलं ते यामुळंच बिघडलं.

दुसऱ्या बाटलीत मी चूक केली. मार्चमध्ये मृगाचा (म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला बहरलेला) संत्रा झाडावर होता, घरचाच, तं अर्धा गिलास रस अन अर्धा गिलास साके असं केलं. संत्र्याचा रस लागला फक्त, साके गायब, ३०० मिली जपान त्या रसात बुडालं. वरून मी हुशारी म्हणून सकाळीच रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवला होता, तो बर्फ विरघळला तसं सगळं कडू झालं. आपल्या नागपुरी संत्र्याची ही गोष्ट बागवाल्यालाही कधी कधी माहीत नसते, रस काढून ठेवला की त्यात लिमोनिन नावाचं द्रव्य हळूहळू तयार होते अन ताजा असताना गोड लागलेला रस काही तासांत कडू होते. म्हणून रस गिलासात टाकायच्या दोन मिनिटं आधीच काढायचा, अन बिया दाताखाली किंवा मिक्सरमध्ये फोडायच्या नाहीत, हातानं पिळायचा.

भाऊ म्हणाला, “दादा, तिकडं ते युझूचा रस कमी अन सालच जास्त वापरतात.” युझू म्हणजे तिकडचं लिंबू-संत्र्याच्या नात्यातलं आंबट सुगंधी फळ, शिकोकू बेटावर कोची भागात सगळ्यात जास्त होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लहानपणी आम्ही संत्र्याची साल दुमडून एकमेकांच्या डोळ्यात पिळायचो, दिव्याच्या ज्योतीवर पिळली की बारीक ठिणग्या उडायच्या, तेच ते तेल, अन सगळा सुगंध त्याच्यातच असते! आपल्या संत्र्याची साल सैल, पटकन सुटते, बोटानं दुमडली की फवारा उडते. मग रस चार चमच्यांवर आणला अन सालीवर भर दिला, अन तिसऱ्या बाटलीत ते जमलं.

आता कसं केलं ते. एका बाटलीचे दोन गिलास होतात. बाटली आधी चांगली गार पाहिजे, कारण गरम साकेतला गॅस झाकण उघडताच निघून जाते अन मग उरते गोड पाणी. आमच्याकडं संध्याकाळी लाईटचा भरवसा नसते, त्यामुळे बादलीत बर्फ, थोडं पाणी अन दोन मुठी जाडं मीठ टाकून बाटली मानेपर्यंत बुडवली, कुल्फीवाला करते तसंच, १५ मिनिटांत बाटलीवर दव आलं. फ्रीझरमध्ये टाकून विसरू नका, ५ टक्क्याची दारू गोठते अन काच फुटते. गिलास काचेचा घ्या, स्टीलचा जास्त गार राहते पण बुडबुडे दिसत नाहीत अन अर्धी मजा तं बुडबुड्यांचीच आहे.

गिलासात आधी संत्र्याचा ताजा रस चार चहाचे चमचे, अर्धा चमचा अद्रकाचा रस (किसून फडक्यातून पिळलेला, कुटून टाकू नका नाहीतर चोथा येते), कागदी लिंबाचे सात-आठ थेंब अन दोन बोटांत मावेल एवढं सैंधव. लिंबू यासाठी की मृगाचा संत्रा गोड असते अन साकेही गोड, दोन गोडांत तिसरं आंबट पाहिजेच. काकडीच्या दोन पातळ चकत्या. मग वरून साके, गिलास तिरपा धरून काठानं हळू सोडायची, अर्धी बाटली एका गिलासात, चमच्यानं एकदाच खालून वर फिरवायचं अन बस. शेक करू नका, ढवळत बसू नका. शेवटी सालीचा रुपयाएवढा तुकडा गिलासावर धरून दुमडायचा, फवारा वर पडू द्यायचा अन ती साल गिलासाच्या काठाला घासून आत सोडायची. साल फवारणी झालेल्या झाडाची नको, मी विहिरीजवळच्या झाडाचा संत्रा घेतला ज्यावर यंदा औषध मारलंच नाही, तरी कोमट पाण्यानं घासून धुतला.

जपानात यात शिसो नावाच्या सुगंधी झाडाचं पान टाकतात म्हणे, त्याच्या जागी मी तुळस तोडायला निघालो तं आई ओट्यावरून म्हणाली, “तुयशीले हात लावू नको रे, दारूत टाकाची चीज नोहे ते.” बरोबर होतं तिचं. पुदिन्याची दोन पानं टाकली, तळहातावर एक थाप मारून, चुरगाळून नाही. जमलं, पण तिसऱ्या पानाला साके पुन्हा हरवते, दोनच ठेवा.

ऊन उतरल्यावर आंगणात पाणी शिंपडलं होतं, मातीचा वास होता, अन पहिल्या घोटाला आधी सालीचा वास, मग अद्रकाची बारीक चुणचुण, अन सगळ्यात शेवटी ती पेज. दिवसभर बागेत ओलीत करून आलेल्या माणसाला असं काही मिळणं म्हणजे खरंच सुख आहे. काकांनी दोन घोट घेतले अन म्हणाले, “बाप्पा, यात दम काही नाही, पन बरं लागते.” दम शोधणाऱ्यांसाठी हे नाहीच. पण गोड लागते म्हणून भराभर पिऊ नका, ५ टक्के म्हणजे दारूच आहे, अन पिऊन गाडीला हात लावायचा नाही. सोबत खाऱ्या फल्लीदाण्यांनी मजा आणली, सावजी रस्सा मात्र नको, त्याच्यापुढं साके टिकत नाही.

बाटली मिळायचं म्हणाल तं नागपुरात दोन दुकानांत विचारलं, दोघांकडंही नव्हती. साधी साके कुठं मिळाली तं एक भाग साके अन दोन भाग गार सोडा, १५ टक्क्याचं बरोबर ५ होते. चव पातळ पडते अन गोडी कमी होते, म्हणून अर्धा चमचा साखरेचा पाक लागेल अन लिंबू निम्मं करा. न पिणाऱ्यांसाठी मी हेच सगळं नुसत्या सोड्यात केलं, पोरांनी दोनदा मागून घेतलं.

चौथी बाटली फोडली नाही, भाऊ परत जायच्या आदल्या रात्रीसाठी ठेवली आहे. त्याला दिवाळीला पुन्हा आणायला सांगून ठेवलं, तोवर आंबियाचा (म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी बहरलेला) संत्रा येते, तो मृगापेक्षा आंबट असते, म्हणजे मग लिंबाची गरजच पडणार नाही.